ट्रेलरने उडवलं, मालक एक लाख देतोय, सही करायची का?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा वय ३४, रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीत ठेकेदाराकडे मशीन ऑपरेटर, पगार १८ हजार. पहिल्या पाळीसाठी विटाव्याहून बाईकने निघाले होते. ठाणे-बेलापूर रोडवर दिघ्याजवळ कंटेनर ट्रेलर अचानक डावीकडे वळला आणि बाईक त्याखाली दाबली गेली. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, रॉड टाकला. आज बारावा दिवस. ट्रेलरमालकाचा माणूस एक लाख रुपये आणि टाईप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन दोनदा घरी आला. ठेकेदार म्हणतो, अपघात गेटबाहेर झाला, आमचा संबंध नाही. काय करावं?

ताई, त्या कागदावर सही करू नका. रक्कम कमी आहे हे तर झालंच, पण अशा कागदात “अपघात कोणाच्याही चुकीमुळे झालेला नाही, यापुढे दावा करणार नाही” अशी ओळ हमखास असते. उद्या केस उभी राहिली की उलटतपासात विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा तीच ओळ पुढे करतो. ट्रेलरचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, मालकाच्या खिशाला हात लागत नाही. मग मालक स्वतःचे लाख रुपये का काढतोय? बहुतेक वेळा विमा संपलेला असतो, नाहीतर चालकाकडे जड वाहनाचं लायसन्स नसतं, नाहीतर फिटनेस-परमिटमध्ये गडबड असते. एम-परिवहन ॲपवर ट्रेलरचा नंबर टाका, विम्याची आणि फिटनेसची तारीख दिसेल. त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

विमा संपलेला निघाला तरी हक्क संपत नाही, मालक आणि चालक वैयक्तिक जबाबदार राहतात. लायसन्सचा घोळ असेल तर न्यायाधिकरण (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं कोर्ट) बऱ्याचदा विमा कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रंभा देवी प्रकरणात हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते असं ठरवलं, पण कंटेनर ट्रेलर त्याच्या कितीतरी वरचा. तिथे जड वाहनाचंच लायसन्स लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही केस कोर्टातल्या युक्तिवादावर कमी आणि पहिल्या काही दिवसांत तयार झालेल्या कागदांवर जास्त ठरते. ते कागद अजून तुमच्या हातात नाहीत, ते आधी मिळवा.

पहिला कागद म्हणजे हॉस्पिटलचा कॅज्युअल्टीचा केस पेपर. त्यावर डॉक्टरांनी “हिस्टरी” म्हणून एक-दोन ओळी लिहिलेल्या असतात. जखमीला आणणारा रिक्षावाला घाईत “गाडीवरून पडले” एवढंच म्हणतो आणि कागदावर इंग्रजीत “बाईकवरून घसरून पडले” असं उतरतं. ट्रेलरचा उल्लेखच नाही. दोन वर्षांनी विमा कंपनी हाच कागद दाखवून म्हणते की ट्रेलर मागाहून घुसडला आहे. केस पेपर, एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या केसची हॉस्पिटलमधली नोंद) आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. हिस्टरी चुकीची असेल तर कोणालाही त्यावर खाडाखोड करू देऊ नका. खाडाखोडीने संशय वाढतो, कमी होत नाही. त्याऐवजी नवऱ्याच्या पोलीस जबाबात स्पष्ट लिहून घ्या की हॉस्पिटलमध्ये माहिती देणारा माणूस अनोळखी होता आणि त्याने अपघात पाहिला नव्हता.

दुसरा कागद तो जबाब. हवालदार हॉस्पिटलमध्ये येऊन लिहून घेतात आणि पेशंट गुंगीत असला की नातेवाईक न वाचता सही करतात. शुद्धीवर असताना, वाचून, मगच सही. बाईक कोणत्या लेनमध्ये होती, ट्रेलर पुढे होता की बाजूने आला, इंडिकेटर दिला होता का, धडक बाईकच्या कोणत्या भागाला बसली आणि ट्रेलरचा पूर्ण नंबर, एवढं त्यात आलंच पाहिजे. तुम्ही स्वतः अपघात पाहिलेला नाही, तेव्हा “मी पाहिलं” असा जबाब कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका. खोटा प्रत्यक्षदर्शी खऱ्या केसचंही वाटोळं करतो.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. कलमं बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ म्हणजे बेदरकार वाहन चालवणं आणि १२५(ब) म्हणजे गंभीर दुखापत. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच आहे. फक्त १२५(अ) लावलं असेल तर एक्स-रे जोडून कलम वाढवण्याचा अर्ज द्या. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकचे घासलेले डाग, काच-तेल कुठे सांडलं होतं आणि दोन्ही गाड्या कोणत्या स्थितीत होत्या, हे असायला हवं. पोलीस येण्याआधीच गाड्या हलवलेल्या असतील तर पंचनामा मोघम निघतो. मग बाईकचा स्वतंत्र तपासणी अहवाल कामी येतो. उजवा फूटरेस्ट वाकलेला आणि डावी बाजू शाबूत, एवढ्या नोंदीवरूनही धडक कुठून बसली ते कळतं. म्हणून बाईक पोलीस ठाण्यातून सोडवल्यावर लगेच गॅरेजला नेऊ नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, वाकलेल्या भागांचे जवळून काढा.

सीसीटीव्हीसाठी मात्र उद्याच हला. कारखान्यांच्या गेटवरचे आणि पेट्रोल पंपावरचे कॅमेरे जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढवतात. बारा दिवस आधीच गेले आहेत. त्या जागेच्या आसपास चालत जा, कॅमेरे मोजा, कंपन्यांची नावं टिपा आणि “हे फुटेज जप्त करून जतन करावं” असा अर्ज पोलीस ठाण्यात दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. फुटेज मोबाईलवर मिळालं म्हणून समाधान मानू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (फुटेज कोणत्या यंत्रातून, कसं काढलं ते सांगणारं) सोबत नसेल तर कोर्टात ते फुटेज पुरावा म्हणून धरलंच जात नाही. चहाची टपरी, वॉचमन, मागून येणारा सहकारी यांच्यापैकी कोणी पाहिलं असेल तर त्याचं नाव आणि नंबर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवर आणखी एक जबाबदारी आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे गेला पाहिजे, आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म दहा दिवसांत मिळाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये हे पाळण्याचे निर्देश दिले आहेत. तुम्हाला तो फॉर्म मिळाला नसेल तर तपास अधिकाऱ्याकडे लेखी मागा. मागणारा माणूस आहे हे कळलं की फाईल हलते.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. पोलिसांचा अहवाल न्यायाधिकरणात गेला म्हणजे आपोआप सगळं झालं, असंही समजू नका. स्वतःचा अर्ज हवाच. तो तुम्ही ठाणे जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. नवी मुंबईत इथे बरेच जण चुकतात. पनवेल आणि उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात, पण जिल्हा रायगड. कळंबोलीला अपघात झाला तर पोलीस नवी मुंबईचे आणि अपघाताची हद्द रायगडची. मात्र कायदा अर्जदाराला राहत्या ठिकाणीही दावा लावू देतो, म्हणून ठाण्यात राहणाऱ्याला अलिबागच्या खेपा घालायची गरज नाही.

आता आकड्यांकडे. यासाठी कागद-पेन घ्या, कारण एक लाख म्हणजे नेमकं किती कमी, ते समोर दिसलं पाहिजे.

मूळ पगार दरमहा १८,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जोडतात, आणि कायमच्या अपंगत्वाच्या केसमध्येही ही वाढ मिळते हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालात स्पष्ट झालं. म्हणजे २५,२०० महिना, वर्षाचे ३,०२,४००. आता कमाईची क्षमता किती गेली ते. समजा न्यायाधिकरणाने ती ३० टक्के धरली: वर्षाला ९०,७२०. वय ३१ ते ३५ साठी सरला वर्मा निकालातला (२००९) गुणक १६ आहे. ९०,७२० गुणिले १६ म्हणजे १४,५१,५२०. यात ऑपरेशनची बिलं, घरी बसलेल्या महिन्यांचा बुडालेला पगार, वेदना, माणूस ठेवावा लागला त्याचा खर्च, रॉड काढायचं पुढचं ऑपरेशन, येण्याजाण्याचं भाडं आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज वेगळं.

क्षमता ३० ऐवजी १५ टक्केच धरली तर हाच आकडा ७,२५,७६० वर येतो. आणि टक्के ३० च राहिले पण पगाराचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने अंदाजे १२,००० धरले तर ९,६७,६८०. फक्त पगाराचा कागद नसल्याने जवळजवळ पाच लाखांचा फरक. ठेकेदाराच्या कामगारांचं नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. पगार रोख, स्लिप नाही, हजेरी ठेकेदाराच्या वहीत. बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, पीएफचं पासबुक, ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) कपातीचा तपशील आणि गेट पास मिळेल तेवढा गोळा करा. ठेकेदाराच्या सहीचं पत्र असलं तरी कोर्टात येऊन शपथेवर सांगणारा माणूस लागतो. आत्ता गोडीने बोलून ते पत्र घ्या. पुढे तो समन्सशिवाय फिरकणार नाही.

अपंगत्वाच्या टक्क्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. डॉक्टर दाखल्यावर पायाचे टक्के लिहितात, संपूर्ण शरीराचे नाही. आणि या दोन्हींपेक्षा कमाईची क्षमता किती गेली हा तिसरा, वेगळा आकडा असतो. तो न्यायाधीश ठरवतात. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या निकालात हे नीट मांडलं आहे: जखमी माणूस आधी कोणतं काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, दुसरं काय करू शकतो. तीच नडगी मोडली तर टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाची कमाई फारशी घटत नाही. आठ तास मशीनपुढे उभं राहून पॅडल दाबणाऱ्याची घटते. म्हणून अर्जात फक्त “कामगार” लिहू नका. मशीन कोणतं, पाय कुठे लागतो, माल किती किलोचा उचलावा लागतो, पाळीत किती वेळ उभं राहावं लागतं, हे लिहा आणि सहकाऱ्याची साक्ष द्या.

दाखला काढायची घाई करू नका. हाड जुळलं आणि फिजिओथेरपीनंतर सुधारणा थांबली की मग. हाड जुळण्याआधीचा दाखला “पुढे बरे होण्याची शक्यता” या एका शेऱ्यावर उडतो. तोवर दर फॉलोअपचा कागद आणि एक्स-रे जपा. मधले चार महिने कोरे दिसले की विमा कंपनी म्हणते, पेशंट बरा झाला होता. ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरांनी साक्षीला यावं यासाठी आत्तापासून बोलून ठेवा. पेशंटला कधी न पाहिलेल्या डॉक्टरचा विकत मिळणारा दाखला उलटतपासात पाच मिनिटं टिकत नाही. विमा कंपनीने टक्क्यांवर वाद घातला तर सरकारी मेडिकल बोर्डाकडे पाठवतात. त्याला घाबरायचं कारण नाही, तिथे हेच फॉलोअपचे कागद कामी येतात.

बिलांचं एक सांगते. मूळ बिलं मेडिक्लेमला दिली की परत येत नाहीत. द्यायच्या आधी हॉस्पिटलचा शिक्का मारलेल्या प्रती करून घ्या. फिजिओथेरपिस्टला रोख देता त्याचीही पावती दर वेळी मागा. शंभर-दोनशेच्या औषधांच्या चिठ्ठ्या वहीत तारखेप्रमाणे चिकटवत जा. वर्षभरात ती रक्कम लहान राहत नाही.

मध्येच विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव देईल. कायद्यात कलम १६४ आहे: कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. हातात पैसे नसताना अडीच लाख मोठे वाटतात. पण ही रक्कम त्या प्रक्रियेने स्वीकारली की कलम १६६ चा तुमचा दावा संपतो. वरचे आकडे पाहता तुमच्यासाठी तो तोट्याचा सौदा आहे. ज्यांचं हाड सहा आठवड्यांत जुळलं, कायमचं काही उरलं नाही किंवा चूक स्वतःचीच होती, त्यांनी जरूर विचार करावा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर वेगळी योजना आहे, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. तो अर्ज कोर्टात नाही, महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो.

पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. तुमची मुदत गेली, पण शेजारीपाजारी कोणाला असा प्रसंग आला तर हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी विचारायला सांगा.

ठेकेदार “गेटबाहेर झालं” म्हणतो ते अर्धवट आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर ईएसआयमध्ये कामावरचीच दुखापत धरला जातो. ही तरतूद २०१० पासून आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. विटावा ते रबाळे, पहिली पाळी, सरळ रस्ता, तुमची केस यात बसते. मध्ये कुठे वेगळ्या कामासाठी वळले असते तर हरकत निघाली असती. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे, म्हणजे १८,००० पगारावर कपात व्हायलाच हवी: ०.७५ टक्के, महिन्याला १३५ रुपये. पगार स्लिपवर १३५ शोधा. कपात असेल तर ठेकेदाराने अपघाताचा अहवाल ईएसआयकडे पाठवलाच पाहिजे, आणि डॉक्टरने अनफिट ठेवलेल्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळू शकते. ठेकेदार टाळत असेल तर मूळ कंपनीच्या एचआरला लेखी कळवा, कारण ठेकेदाराच्या माणसांच्या ईएसआयची अंतिम जबाबदारी मूळ कंपनीवर असते. उपचारांसाठी वागळे इस्टेट आणि वाशी इथे कामगार विमा रुग्णालयं आहेत.

ईएसआयकडून काय घेतलं ते क्लेमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. एकाच दुखापतीसाठी दोन कायद्यांखाली पैसे घेण्यावर बंधनं आहेत आणि विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. लपवलेलं उलटतपासात निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आणि ठेकेदाराने “तात्पुरता राजीनामा द्या, बरे झालात की परत घेतो” म्हटलं तर तोही कागद त्या स्टॅम्प पेपरसारखाच समजा. राजीनामा दिलेला दिसला की बुडालेल्या पगाराचा हिशोब तिथेच अडतो.

हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून पैसे कापतील का, अशी भीती बऱ्याच जणांना असते. दुखापत पायाला आहे. हेल्मेट असतं तरी नडगी मोडलीच असती, त्यामुळे पायाच्या भरपाईत त्याचा संबंध लागत नाही. बाईक चालवणाऱ्याकडे लायसन्स नसणं म्हणजेही आपोआप निष्काळजीपणा नव्हे, चूक कशामुळे घडली ते दाखवावं लागतं. ट्रिपल सीटचंही तसंच. उलट्या दिशेने येणं मात्र भारी पडतं, त्यात भरपाईचा काही हिस्सा जाऊ शकतो.

हॉस्पिटलच्या आवारात “साहेब आपलेच आहेत, एक रुपया नको, शेवटी टक्के द्या” म्हणणारे लोक भेटतील. भरपाईत टक्केवारीची फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या कागदांवर, कोऱ्या चेकवर सही नको. तुमचे पती औद्योगिक कामगार आहेत, त्यामुळे उत्पन्नाची अट न लागता त्यांना मोफत वकील मिळू शकतो. ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, आधार, ईएसआय कार्ड आणि पगाराची बँक नोंद घेऊन जा. पती चालू शकत नसतील तर अर्जावर त्यांची सही घरीच घ्या आणि तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल.